बी साइडचं तिसरं

कॅसेट लेस्टरहून आली, शेजारच्या पटेलांकडे,
सहा साबण आणि एका स्वेटरसोबत.
वर पेनानं 'गरबा ८१' लिहिलेलं, मग खोडलेलं.
त्यांच्या पुतण्यानं रात्री जागून रेडिओवरून भरलेली अकरा गाणी.
एकाचंही नाव नाही.
निवेदक तोंड उघडायचा
आणि तिथंच पुतण्याचं बोट पडलेलं.

मग आम्ही नावं ठेवली.
आत्याही नावं ठेवायची, तिच्या पद्धतीनं:
'जिन्यावरून पडतंय का रे कुणी?'
आमची अशी:
सायकलचे आरे, ज्यांची गिटार आऱ्यांत काडी धरल्यासारखी तडतडे.
ओला टॉवेल.
रेशनची रांग, कारण त्यांचा ड्रम पुढे सरकतच नसे.
बी साइडच्या तिसऱ्याला मात्र
काही सुचलं नाही.
एक बाई होती त्यात. गात नव्हती,
वाचत होती काहीतरी, बहुधा यादी,
आणि खाली बास,
रिकाम्या घरात कुणी एकट्यानं कपाट सरकवावं तसा.
गाणं थांबलं की क्षणभर
खालचा गरबा उघडा पडे:
कुठल्याशा पोळातल्या बायकांच्या तीन टाळ्या.
चौथी कधीच आली नाही.

दांडिया बाजारात, भाईलालच्या चक्कीवर,
तासाला चार रुपये विजेचे.
इद्रिस वोराकडे लग्नाच्या बँडमधून काढून टाकलेला ढोल,
माझ्याकडे चार तारा,
चारुशीला गुप्तेकडे काहीच नाही,
तिनं भिंतीवरची पाटी वाचायला घेतली:
गहू पंचवीस पैसे. बाजरी तीस.
भीनुं अनाज लेवामां आवशे नहीं.
ओलं धान्य घेतलं जाणार नाही.
ओलं धान्य
घेतलं जाणार नाही.
खाली पट्ट्याचा सांधा दर फेऱ्याला धप्प वाजे,
इद्रिस त्याच्या अर्धा श्वास मागून येई.
बँडचं नाव नळावरच्या पाटीवरून उचललं:
आज पाणी येणार नाही.

संगीत कॉलेजचे एक सर आले होते एकदा,
दळण घ्यायला. जिन्यात थांबले, पिशवी हातात गरम.
डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले,
'सम कुठाय?'
इद्रिस म्हणाला, 'खाली. भाईलालकडे.'
सर हसले नाहीत. पायऱ्या मोजत उतरले.

ऐकणारे कधी सात, कधी पाच.
भाईलाल धरून सहा.
'तमारुं गीत फरे छे तो खरुं,' तो म्हणायचा,
'पण लोट क्यां पडे छे?'
फिरतं खरं, पीठ कुठं पडतं?
याचं उत्तर आम्ही तेव्हा दिलं नाही.
आत्ताही, इतक्या वर्षांनी, माझ्याकडे नाही.

चारुशीला विमा कंपनीतून रिटायर झाली.
पॉलिसीच्या अटी वाचताना तिचा तोच आवाज, मी ऐकलाय,
सपाट, कुठं थांबायचं ते नक्की ठाऊक असलेला.
इद्रिस दोन हजार दोननंतर
तांदळज्याला राहायला गेला.
भेटतो. कंबरेबद्दल बोलतो.
ढोलाचं काय झालं,
हे मी त्याला विचारलेलं नाही.

परवा भाचीनं कॅसेटजवळ फोन धरला.
फोन ऐकतो म्हणे, आणि सांगतो.
सायकलचे आरे सापडले: चार पोरं, एकच रेकॉर्ड,
त्यातला एकजण आता नळ दुरुस्त करतो.
ओला टॉवेल सापडला. रांगही.
दहाच्या दहा,
खरी नावं अगदीच साधी निघाली, थोडं वाईट वाटलं.
तिसऱ्यापाशी पडद्यावरचं चक्र
फिरत राहिलं, फिरत राहिलं,
'आढळले नाही.'
त्या तीन टाळ्यांवर मात्र झटकन बोलला.
चुकीचं बोलला.

रात्री चारुशीलाला फोन लावला.
म्हटलं, तिसरं अजून बेनाव आहे.
ती म्हणाली, थांब, दूध आलंय वर.
फोन ओट्यावर ठेवला असणार.
पलीकडून भांड्याचा एक आवाज,
मग बराच वेळ काही नाही,
मग एक.
मी ठेवला नाही.